निसर्गाचे कैवारी आणि अमेरिकेतील निवडणुका

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेले भाषण)



व्याख्यानाचा विषय सामान्यतः वक्ता निवडतो आणि श्रोते तो सोसतात. आज मात्र उलटे घडले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला आलेल्या पुराने आपल्या कितीतरी सभासदांच्या घरांत पाणी शिरले. त्यानंतरच्या वार्षिक सभेत एका तरुण सभासदाने सूचना मांडली, की महापालिकेच्या निवडणुकीआधी मंडळाने प्रत्येक सभासदाच्या घरी पत्र धाडावे आणि नदीची काळजी वाहणारा उमेदवार कोण व न वाहणारा कोण, हे नावानिशी कळवावे. त्यावर एका वडीलधाऱ्या विश्वस्तांनी एवढेच विचारले, "आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत उत्तर द्यायला कोण जाणार?" चर्चा रंगली, चहा निवला, आणि सूचना पुढील सभेवर ढकलली गेली. आम्ही हायस्कुलात इतिहास व नागरिकशास्त्र शिकवतो हे चिटणीसांना ठाऊक असल्यामुळे, जगात इतरत्र ह्या बाबतीत काय घडले ते सांगा, अशी त्यांनी आम्हांस आज्ञा केली. ह्या बाबतीतला सर्वांत दीर्घ अनुभव अमेरिकेचा आहे. म्हणून आज थोडा वेळ आपण तिकडे जाऊ.

प्रथम एक खुलासा. काँग्रेस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक राजकीय पक्ष उभा राहतो. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे तेथील संसद. तिची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहात ४३५ सभासद असतात आणि त्यांना दर दोन वर्षांनी मतदारांपुढे जावे लागते. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन, असे शंभर सभासद सहा वर्षांसाठी निवडले जातात आणि दर दोन वर्षांनी त्यांतील सुमारे एकतृतीयांश जागांची निवडणूक होते. आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. त्या कळल्या नाहीत तर पुढची कथा कळणार नाही. पहिली अशी की, पक्षाचा उमेदवार कोण हे तेथे दिल्लीसारख्या राजधानीत बसलेले पुढारी ठरवीत नाहीत. पक्षांतर्गत निवडणूक होते आणि तीत सामान्य मतदारच मत देतात. दुसरी अशी की, विधेयक सभागृहापुढे येण्याआधी समितीकडे जाते, आणि समितीचा अध्यक्ष मनात आणील तर ते विधेयक तेथेच वर्षानुवर्षे निजवून ठेवू शकतो. जंगल, नदी, खाण, धरण ह्यांचे भवितव्य राष्ट्राध्यक्षांइतकेच ह्या समितीच्या अध्यक्षांच्या हाती असते, आणि तो अध्यक्ष निवडून येतो तो मात्र एका लहानशा मतदारसंघातून. चिमूटभर लोकांनी निवडलेल्या माणसाच्या हाती साऱ्या देशाच्या रानाची किल्ली! निसर्गरक्षक संस्थांना युद्ध कोठे करावयाचे हे उमगले ते ह्याच जागी.

१९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बारा किनाऱ्याजवळ समुद्रातील तेलविहीर फुटली आणि किनारा काळा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये ओहायो राज्यातील कायाहोगा नदीला आग लागली. होय, नदीला आग. पाण्यावर तेलाचे तवंग इतके साचले होते. ती काही पहिलीच वेळ नव्हती, परंतु ह्या वेळी देशाचे लक्ष गेले. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन ह्यांनी २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन घडवून आणला. डेनिस हेझ नावाचा पंचविशीतला विद्यार्थी त्याचा संयोजक होता, आणि सुमारे दोन कोटी माणसांनी त्यात भाग घेतला असे मानतात. आपल्याकडेही त्या तारखेला शाळाशाळांतून चित्रस्पर्धा होतात. आमच्याही शाळेत होते, आणि दरवर्षी पृथ्वीला थर्मामीटर लावलेले तेच चित्र पहिले येते.

पण हेझ आणि त्यांचे सोबती चित्रांवर थांबले नाहीत. मोर्चा पांगला की पुढारी पुन्हा निर्धास्त होतात, हे त्यांनी ताडले होते. 'एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन' ह्या त्यांच्या संस्थेने त्याच वर्षीच्या निवडणुकीसाठी प्रतिनिधिगृहातील बारा सभासदांची यादी छापली आणि तिला 'डर्टी डझन', म्हणजे 'बारा मळके', असे नाव दिले. तीन वर्षांपूर्वी त्या नावाचा एक युद्धपट गाजला होता, तेथून ते उचलले. यादी करताना त्यांनी चातुर्य दाखविले. देशातील सर्वांत वाईट बारा माणसे त्यांनी निवडली नाहीत. ज्यांची कारकीर्द वाईट आहे आणि ज्यांचे आसनही डळमळीत आहे, असे बारा निवडले. ज्याला हलविता येत नाही त्याला ढकलण्यात शक्ती कशाला दवडा! निकाल लागला तेव्हा बारांपैकी सातांचे बारा वाजलेले होते. त्यांतील एक जॉर्ज फॅलन. बाल्टिमोरचे हे गृहस्थ सार्वजनिक बांधकाम समितीचे अध्यक्ष, देशभरच्या महामार्गांच्या कायद्याचे एक शिल्पकार. त्यांना त्यांच्याच पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत पॉल सार्बेन्स ह्या तरुण वकिलाने हरविले. सार्बेन्स पुढे तीस वर्षे सिनेटमध्ये होते.

सातही पराभव ह्या यादीमुळेच झाले, असे म्हणणे बरोबर होणार नाही. निवडणुकीत माणूस हरतो तो दहा कारणांनी, आणि श्रेय घेणारा प्रत्येकजण आपले एकच कारण सांगतो. परंतु राजकारणात खरे कारण काय ह्याहून उरलेल्यांना कारण काय वाटले, हेच अधिक परिणाम करते. उरलेल्या सव्वाचारशे सभासदांनी ती यादी वाचली होती. १९७० च्या अखेरच्या दिवशी हवाशुद्धीच्या कायद्यावर सही झाली. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांनी जलशुद्धीच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सिनेटने ५२ विरुद्ध १२ आणि प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध २३ मतांनी तो नकार झुगारून दिला. १९७३ मध्ये नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा प्रतिनिधिगृहात ३५५ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. चार! आज त्या सभागृहात सूर्य पूर्वेस उगवतो असा ठराव आणला तरी विरुद्ध चाराहून अधिक मते पडतील.

आता दुसऱ्या एका संस्थेकडे वळू, कारण आम्हां शिक्षकांना तिच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा अशी तिची रीत आहे. १९७० मध्येच मॅरियन ईडी ह्या काँग्रेसच्या समितीत काम केलेल्या तरुणीने 'लीग ऑफ कॉन्झर्व्हेशन व्होटर्स' ही संस्था काढली. हिने सभासदांची प्रगतिपुस्तके काढावयास प्रारंभ केला. वर्षभरात निसर्गाशी संबंध असलेली जी मतदाने सभागृहात होतात, त्यांतील महत्त्वाची निवडावयाची, प्रत्येक सभासदाने कोणत्या बाजूस हात वर केला ते पाहावयाचे, आणि शून्य ते शंभर गुण द्यावयाचे. मतदारसंघात येऊन वृक्षारोपण करणाऱ्या, हातात झारी घेऊन छायाचित्र काढून घेणाऱ्या सभासदास राजधानीत गेल्यावर नऊच गुण पडलेले असले, तर ते त्याच्या गावच्या वर्तमानपत्रात छापून येऊ लागले.

कल्पना उत्तम, तथापि ज्याने आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्याला ह्यातील पळवाटा दिसल्यावाचून राहत नाहीत. प्रश्नपत्रिका कोण काढतो? संस्थाच काढते. कोणती दहापंधरा मते महत्त्वाची, हे ठरविण्यातच निम्मा निकाल लागून जातो. गैरहजर राहिलेल्यास काय द्यावे? संस्थेचा नियम असा की गैरहजेरी म्हणजे विरुद्ध मत. २००७ साली ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मकेन राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात गुंतले होते. निवडलेल्या पंधराही मतदानांना ते हजर नव्हते, म्हणून त्यांना शून्य गुण पडले. वास्तविक हवामानबदलावर विधेयक आणणाऱ्या त्यांच्या पक्षातील मोजक्या माणसांत ते होते. आमच्या वर्गात आजारी मुलास शून्य दिले तर पालक दाराशी येतील; पण उलट बाजूही आहे. पगार घेऊन वर्गात न येणाऱ्यास उत्तीर्ण तरी कसे करावे? आम्ही ह्या नियमाच्या बाजूचे आहोत, फक्त शून्यापुढे 'गैरहजर' असे ठळक छापावे एवढाच आमचा आग्रह.

ह्या संस्थेची पहिली मोठी लढाई कोलोरॅडो राज्यातील वेन ॲस्पिनॉल ह्यांच्याशी झाली. तिच्यावर आम्ही जरा अधिक रेंगाळणार आहोत. कारण ह्या लढाईत दोन्ही बाजूंना काही म्हणावयाचे होते.

ॲस्पिनॉल हे मूळचे शाळामास्तर. पुढे वकील झाले, पीचच्या बागाही त्यांनी केल्या. १९४९ पासून ते प्रतिनिधिगृहात होते आणि १९५९ पासून अंतर्गत व्यवहार समितीचे अध्यक्ष. पश्चिम अमेरिकेतील सरकारी जमीन, राष्ट्रीय उद्याने, खाणी, धरणे हे सारे ह्या समितीच्या हाती. वर्गावर जसा धाक तसाच समितीवर. जी रानवने माणसाने मुळीच न हाताळता राखावयाची, त्यांच्या कायद्याचे विधेयक आठ वर्षे रेंगाळले आणि त्यातील बरीच वर्षे ह्यांच्याच टेबलावर. शेवटी १९६४ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते ३७३ विरुद्ध १ मतांनी मान्य केले. पण त्या रानांत १९८३ च्या अखेरपर्यंत खाणींचे दावे लावण्याची मुभा त्यात ॲस्पिनॉल ह्यांनी घालून घेतली होती. कोलोरॅडो नदीच्या प्रख्यात ग्रँड कॅन्यनच्या घळईत दोन धरणे बांधण्याच्या योजनेसही त्यांचा पाठिंबा होता.

हे ऐकून तो माणूस खलपुरुष वाटेल. तसे नव्हते. त्यांचा मुलूख कोरडा. जेथे पाऊस तुटपुंजा आणि नदी दोन महिने फुगून दहा महिने आटते, तेथे पाणी साठविणे हीच जमिनीची राखण, असे ते मानीत आणि स्वतःस निसर्गरक्षकच म्हणवीत. मराठवाड्यातील किंवा उत्तर गुजरातेतील शेतकऱ्याला विचारा, तो ॲस्पिनॉलचीच बाजू घेईल. निसर्गाची हानी करणारा नेहमी लोभीच असतो असे नाही. पुष्कळदा तो आपल्या गावच्या विहिरीचा विचार करीत असतो, आणि दूरचा अरण्यप्रेमी त्याला पोटभरल्या माणसाचा शौकीन वाटतो. ही तेढ अमेरिकेत मिटलेली नाही आणि आपल्याकडे नर्मदेच्या काठावर ती किती वर्षे चालली हे बडोदेकरांना कोणी सांगावयास नको.

ॲस्पिनॉल पडले ते कसे? १९७० च्या जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि त्यांच्या डोंगरी मतदारसंघात डेन्व्हरच्या बाजूची नवी वस्ती आली. ह्या नव्या मतदारांना पीचच्या बागांचे पाणी नव्हे, रविवारी जावयाचे डोंगर प्रिय होते. १९७२ च्या सप्टेंबरात पक्षांतर्गत निवडणूक झाली. ॲलन मर्सन नावाचे कायद्याचे प्राध्यापक उभे राहिले, लीगने आणि इतर संस्थांनी त्यांना पैसा व माणसे पुरविली, आणि शहात्तर वर्षांचे समितीचे अध्यक्ष आपल्याच पक्षात हरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलोरॅडोच्या मतदारांनी १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक सामने आपल्या राज्यात भरवू नयेत म्हणून त्यांच्यावरील खर्चास नकार दिला. वारे कोणत्या दिशेने वाहत होते ते ह्यावरून कळावे. मात्र मर्सन काँग्रेसमध्ये पोहोचले नाहीत. मुख्य निवडणुकीत विरोधी रिपब्लिकन पक्षाचे जेम्स जॉन्सन विजयी झाले. म्हणजे निसर्गरक्षकांनी जुना अध्यक्ष घालविला, पण आपला माणूस बसविला नाही. ह्याला जय म्हणावे की नाही? त्यांच्या मते म्हणावे, कारण जागा नव्हे, समितीची किल्ली त्यांना हवी होती. आम्हांसही हे पटते. परंतु ज्याने केवळ पाडावयास शिकले त्याला उभारावयाचे राहून जाते, ही धास्तीही वाटते.

आता वडीलधाऱ्या विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येतो, कारण ग्रँड कॅन्यनच्या धरणांची गोष्ट अजून संपलेली नाही. जॉन म्यूर ह्यांनी १८९२ मध्ये स्थापिलेली सिएरा क्लब ही अमेरिकेतील जुनी व प्रतिष्ठित संस्था. ती धर्मादाय गणली जाई. तिला दिलेल्या देणगीवर देणगीदारास प्राप्तिकरात सूट मिळे. ९ जून १९६६ रोजी तिने न्यू यॉर्क आणि वॉशिंग्टन येथील मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन धरणांविरुद्ध काँग्रेसला पत्रे लिहा असे लोकांस आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी करखात्याचे पत्र हाती पडले, की तुमची सवलत धोक्यात आहे. सरकारी कचेरी एवढ्या त्वरेने हलल्याचे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळाच. लक्षात घ्या, हा प्रचार निवडणुकीचा नव्हता, एका विधेयकाविरुद्ध होता. तरीही सवलत गेली ती गेलीच.

मौज अशी की ह्या शिक्षेने उलटाच परिणाम झाला. ज्यांना धरणे म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते असे लोक, सरकार एका संस्थेचे तोंड बंद करू पाहते म्हणून चिडून उठले. पत्रांचा पाऊस पडला, क्लबची सभासदसंख्या वाढली, आणि १९६८ च्या कायद्यातून ती दोन्ही धरणे गळाली. परंतु क्लबला आपले घर दोन भागांत वाटून घ्यावे लागले. ज्ञानदान, अभ्यास, जमिनीचे रक्षण ह्या धर्मादाय कामांसाठी १९६० पासूनच एक वेगळे प्रतिष्ठान होते. सवलतीची देणगी तिकडे जाऊ लागली. क्लब स्वतः सवलतीवाचून, पण मोकळ्या तोंडाने राहिला.

तेथील कायद्याची आखणी साधारण अशी आहे. १९५४ मध्ये टेक्ससचे सिनेटर लिंडन जॉन्सन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी करकायद्यात एक कलम घालविले, की धर्मादाय संस्थेने कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरुद्ध प्रचार करू नये. त्या संस्थेला लोकशिक्षण करता येते, पुस्तिका काढता येतात, सर्व उमेदवारांस समान बोलावून सभा भरविता येते. अमुक ह्यास मत द्या असे म्हणता येत नाही. दुसऱ्या वर्गातील संस्थांना काही मर्यादेपर्यंत प्रचार करता येतो, पण त्यांच्या देणगीदारास करात सूट नाही. तिसरा वर्ग केवळ निवडणुकीसाठीच काढलेल्या समित्यांचा. त्यांना हिशेब सरकारी निवडणूक आयोगास सादर करावा लागतो. आज अमेरिकेतील बहुतेक मोठ्या निसर्गरक्षक संस्थांची अशी तीन तीन घरे आहेत. पाटी वेगळी, वही वेगळी, तिजोरी वेगळी. कधीकधी जिना मात्र एकच असतो, आणि तेथेच घोटाळा होतो. २००४ च्या निवडणुकीत केलेल्या खर्चाबद्दल ह्याच लीगच्या शाखांना निवडणूक आयोगाशी तडजोड करून १,८०,००० डॉलर दंड भरावा लागला. त्याच वेळी अगदी उलट बाजूच्या एका संस्थेसही दंड झाला. हेतू निर्मळ असला म्हणजे हिशेबही निर्मळ असतो असे नाही, आणि प्रगतिपुस्तक लिहिणाऱ्याचे स्वतःचे पुस्तकही कोणीतरी तपासावे लागते.

दुसरी मोठी लढाई २००६ सालची. कॅलिफोर्नियातील ट्रेसी गावचे पशुपालक रिचर्ड पोंबो हे रिपब्लिकन पक्षाचे सभासद १९९२ पासून सात वेळा निवडून आले होते आणि २००३ पासून त्याच जुन्या समितीचे, नव्या नावाने, अध्यक्ष होते. १९७३ चा प्राणिरक्षणाचा कायदा शेतकऱ्याच्या जमिनीवर गदा आणतो, असे त्यांचे म्हणणे. २००५ मध्ये तो कायदा पालटणारे विधेयक त्यांनी प्रतिनिधिगृहात मंजूर करून घेतले. सिनेटमध्ये ते अडकले. आता गंमत पाहा. पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहिले ते त्यांच्याच पक्षाचे पीट मॅक्लॉस्की, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. १९७० च्या वसुंधरा दिनाचे ते सहअध्यक्ष, १९७३ च्या कायद्याच्या कर्त्यांपैकी एक. स्वतः लावलेले झाड तोडले जात असता म्हातारा माणूस काठी घेऊन अंगणात यावा तसे ते आले. हरले, सुमारे एकतृतीयांश मते मिळाली. तेव्हा ते पक्षाची वेस ओलांडून डेमोक्रॅटिक पक्षाच्या जेरी मॅकनर्नी ह्यांच्या प्रचाराला लागले. मॅकनर्नी गणितात डॉक्टरेट मिळविलेले, पवनचक्क्यांच्या धंद्यातील तज्ज्ञ. दोन वर्षांपूर्वी पोंबोंकडूनच हरलेले. 'डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ' ह्या संस्थेच्या निवडणूक शाखेने ह्या एका जागेवर दहा लाख डॉलरहून अधिक खर्च केला, सिएरा क्लबचे कार्यकर्ते दारोदार हिंडले, आणि नोव्हेंबरात पोंबो पडले. मॅकनर्नी पुढे सोळा वर्षे काँग्रेसमध्ये होते.

निसर्गरक्षकांनी ढोल वाजविले. पण त्याच दिवशी ऱ्होड आयलंड राज्यात काय झाले ते ते हळू आवाजात सांगतात. तेथील रिपब्लिकन सिनेटर लिंकन चेफी हे निसर्गाच्या बाजूने मत देत आले होते, म्हणून सिएरा क्लब आणि लीग दोघांनीही त्यांना पाठिंबा दिला. मतदारांना चेफी आवडत. पण त्यांचा पक्ष सिनेटमध्ये बहुमतात नको होता. चेफी पडले. आमच्या मते पोंबोंच्या पराभवाहून हा पराभव अधिक विचार करण्याजोगा आहे. ज्या पक्षात निसर्गाचे मित्र थोडे, त्या पक्षातला एक थोडा उणा झाला. हळूहळू प्रगतिपुस्तकात एका पक्षाचे सारे नव्वदाच्या पुढे आणि दुसऱ्याचे सारे दहाच्या आसपास, असा देखावा दिसू लागला. १९७३ मधले ३५५ आणि ४ आठवा. जो प्रश्न पाण्याचा आणि हवेचा होता तो पक्षाचा झाला, आणि एकदा प्रश्न पक्षाचा झाला की निम्मा देश तो न ऐकताच नाकारतो. ह्यात दोष एकट्या संस्थांचा नाही. तेल आणि कोळशाच्या उद्योगांनीही त्या पक्षात आपली पाळेमुळे घट्ट रुजविली. तरीही संस्थांनी आपल्या पायाखालचे अर्धे मैदान जाऊ दिले, असे आम्हांस वाटते.

पैशाविषयी थोडक्यात. २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे केलेल्या प्रचारखर्चावर कंपन्यांस व संघटनांस बंधन घालता येणार नाही. मग बांध फुटला. २०१४ मध्ये टॉम स्टेयर नावाच्या धनिकाने हवामानबदलाच्या प्रश्नावर आपल्या खिशातून सात कोटी डॉलरहून अधिक ओतले. त्यांच्या संस्थेने सिनेटच्या चार आणि राज्यपालपदाच्या तीन लढती निवडल्या. सातांपैकी तीन जिंकल्या, चार हरल्या. १९७० मध्ये चार विद्यार्थी आणि एक छापील यादी ह्यांनी जे साधले ते तिजोरी उपडी करूनही साधले नाही.

आता आपल्या पत्राकडे. आमचे मत विचारले आहे म्हणून सांगतो. मान्य करावे की न करावे हा सभेचा अधिकार.

आमच्या समाजात वक्फाची चाल आहे. वाकिफ, म्हणजे दान करणारा, लिहून ठेवतो की ह्या घराचे भाडे पाणपोईस लावावे. मग मुतवल्लीला ते भाडे मशिदीच्या दिव्यालाही लावता येत नाही, मग तो दिवा कितीही पवित्र असो. मुतवल्ली राखणदार आहे, मालक नव्हे. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या घटनापत्रात शिष्यवृत्ती, वाचनालय आणि आजाऱ्यास मदत ही तीन उद्दिष्टे लिहिली आहेत. ज्यांनी दरमहा पाच-पाच रुपये देऊन ही इमारत उभी केली त्यांत सर्व पक्षांची माणसे होती. काही तर समोरासमोरच्या पक्षांतून निवडणुका लढलेली होती, आणि येथे शेजारी शेजारी बसत. मंडळाच्या कागदावर, मंडळाच्या टपालखर्चाने एका उमेदवाराचे नाव गेले, तर त्यांच्या पैशाचा विनियोग त्यांनी न लिहिलेल्या कामी झाला असे होईल. धर्मादाय आयुक्त पुढची गोष्ट; आधी त्या मंडळींना उत्तर द्यावे लागेल, आणि त्यांपैकी पुष्कळ उत्तर ऐकावयास आता हयात नाहीत.

म्हणून पत्र मंडळाचे नसावे. पण तरुण सभासदाची सूचना केराच्या टोपलीत टाकावी, असेही आम्ही म्हणत नाही. ज्याच्या घरात कमरेइतके पाणी आले होते त्याला, "मंडळ राजकारणात पडत नाही" एवढेच सांगून वाटेस लावणे हे शहाणपण नव्हे. ती पळवाट आहे. त्याने व त्याच्या मित्रांनी स्वतःच्या नावाने नागरिकांची समिती काढावी, वर्गणी वेगळी, वही वेगळी, आणि कचेरीही दुसऱ्या जिन्यावर. आम्ही व्यक्तिशः तीस वर्गणी देऊ. त्या समितीने एका पक्षाची गाडी होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून दोन निरनिराळ्या पक्षांची माणसे कार्यकारिणीत घ्यावीत; चेफींची गोष्ट आम्ही उगाच सांगितली नाही.

आणि मंडळाचे वाचनालय एक काम आजच करू शकते, ज्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी असू नये. सर्व उमेदवारांस, कोणासही न वगळता, एकच प्रश्नावली धाडावी, आणि येतील ती उत्तरे एक शब्दही न बदलता फळ्यावर लावावीत. जो उत्तर देणार नाही त्याच्या नावापुढे 'उत्तर आले नाही' असे लिहावे. गुण देऊ नयेत. गुण देण्याचा मोह किती अनावर असतो हे आम्हांस ठाऊक आहे, पण येथे तो आवरावा.

आमच्या दहावीच्या वर्गाने नागरिकशास्त्राचा उपक्रम म्हणून अशी अकरा प्रश्नांची यादी तयार केली आहे. ती चिटणीसांच्या हवाली करतो. त्यांतील पहिला प्रश्न एका मुलीने सुचविला. त्याचे उत्तर वर्गातील कोणासच आले नाही, आणि ते शोधण्यासाठी मुलांना पावसाळ्यात प्रत्यक्ष हिंडावे लागले. प्रश्न असा: आपल्या प्रभागात पडणारे पावसाचे पाणी कोणत्या कांसेतून विश्वामित्रीस मिळते, आणि ती कांस आज कोठवर उघडी आहे?